भिंगरी आणि साहेबांचे दात

त्याला भिंगरी म्हणतात ते उगाच नाही. शाळेत हा पोरगा एका बाकावर सलग बसलाय असं कुणी पाहिलं असेल तर त्याने हात वर करावा. मास्तर फळ्याकडे वळले की हा खिडकीत, मास्तर इकडे वळले की हा दारात. नववीत एकदा असाच दारातून बाहेर गेला तो परत आलाच नाही. घरी वडिलांनी आकाशपाताळ एक केलं. तेव्हा मधे उभी राहिली ती त्याची ताई. ती वडिलांना म्हणाली, त्याला बसवत नाही तर नाही बसवत, उभ्याने करायची पण कामं असतात जगात.

उभ्याने करायची कामं त्याने मग भरपूर केली. गॅरेजमध्ये टायर काढले, छापखान्यात कागदाचे गठ्ठे उचलले, टीशर्टांवर चित्रं छापली. कुठून कंटाळून निघाला, कुठून तोंडाळपणामुळे हाकलला गेला. शेवटी टिकला तो झेरॉक्सच्या दुकानात, आणि आता ते दुकान त्याचंच आहे. एक झेरॉक्सचं मशीन, एक लॅमिनेशनचं, मागे लाल पडदा लावून पासपोर्ट फोटो काढायची जागा. गिऱ्हाईक कायम घाईत, त्यामुळे बसायची सोयच नाही. भिंगरी खूश.

तोंडाने एकदम फटकळ. फोटोत मी बरा दिसत नाही म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला तो सांगतो, काका, मी फोटो काढतो, चेहरा बदलून देत नाही. पण ताईचा विषय निघाला की हा माणूस वेगळाच. ताईबद्दल कुणी अर्धा शब्द वाकडा बोललं तर उरलेला अर्धा बोलायला ते माणूस तिथे थांबत नाही.

ताईचा मुलगा म्हणजे साहेब. वय आठ. साहेबांना ऑटिझम आहे. तोंडातून शब्द निघतात चार-पाच, पण हुकूम दिवसाला शंभर. पाण्याचा ग्लास टेबलाच्या त्याच कोपऱ्यात पाहिजे. आधी डावा बूट, मग उजवा. घराचं दार दुसऱ्या कुणी लावलं तर ते परत उघडायचं आणि साहेब स्वतः लावणार. भिंगरीनेच नाव पाडलं. हे आपले साहेब, म्हणाला, आपण सगळे यांच्या ऑफिसात कामाला. तेव्हापासून घरात सगळेच त्यांना अहोजाहो करतात आणि साहेबांनाही त्यात काही वावगं वाटत नाही.

एकदा नात्यातल्या एका काकूने भर जेवणात सांगितलं की पोराला लहानपणी दोन ठेवून दिल्या असत्या तर सरळ झाला असता. भिंगरीने हातातलं ताट खाली ठेवलं. काकू, तुमच्या चिरंजीवांना तर मोजता येणार नाहीत एवढ्या ठेवून दिल्यात, म्हणाला, कुठे सरळ झाले. मग साहेबांना बूट घातले, आधी डावा, आणि ताईला घेऊन निघाला. त्या घरचं बोलावणं तेव्हापासून बंद आहे. कुणाला त्याची आठवणही येत नाही.

तर असं सगळं निभत होतं. अडलं ते दातांपाशी.

साहेबांना ब्रश चालायचा नाही. चालायचा नाही म्हणजे तो तोंडाजवळ आला तरी असा आवाज काढायचे की शेजारचे गॅलरीत यायचे. ताई त्यांचं डोकं काखेत धरायची, दाजी हात धरायचे, आणि घाईघाईत ब्रशचे दोन-चार फटकारे मारून सोडून द्यायचे. दाजी गाडीवर ड्रायव्हर, हाडापेराने दणकट माणूस, पण त्या दोन मिनिटांनंतर ते बाथरूमच्या उंबऱ्यावर बसून राहायचे. पुढे दाढ दुखायला लागली. साहेब जेवताना मधेच स्वतःच्या गालावर थापड मारायचे. एका दवाखान्यात नेलं. तिथल्या लोकांना घाई होती. त्यांनी साहेबांना चादरीत गुंडाळलं, तिघांनी दाबून धरलं आणि तोंड उघडलं.

दाढेचं काम झालं असेल नसेल, पण त्या दिवसानंतर साहेबांनी तोंडाचं दार लावून घेतलं. ब्रश सोडा, स्टीलचा चमचा दिसला तरी टेबलाखाली. घरी आल्यावर त्यांच्या दंडावर बोटांचे वळ दिसले. ताई ते बघत बसली. भिंगरी दवाखान्यात जाऊन काय काय फोडणार आहे ते सांगत खोलीभर फिरत होता. ताईने त्याला गप्प केलं आणि म्हणाली, "ह्यापुढे माझ्या पोराला कुणी धरायचं नाही. डॉक्टरने नाही, तू नाही, मी पण नाही."

बोलली ते खरं केलं. पण दात काही ताईचं ऐकून थांबणारे नव्हते. हिरड्या सुजल्या, तोंडाला वास यायला लागला, साहेब एकाच बाजूने चावायला लागले.

मग साहेबांच्या शाळेतल्या बाईंनी दुसरे डॉक्टर सुचवले. हे वयाने मोठे, संथ, खुर्चीकडे बोटसुद्धा न दाखवता दारातच साहेबांशेजारी जमिनीवर बसले. हात न लावता, साहेब जांभई देत होते तेवढ्यात, दिसलं तेवढं बघितलं. ताईला त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाले, मी पण धरणार नाही. पण किडीला ते कळत नाही. पुढच्या तपासणीपर्यंत दोन्ही वेळचं घासणं बसलं आणि हा आपणहून तोंड उघडायला लागला, तर मी इथेच हळूहळू काम करीन. नाहीच जमलं तर मोठ्या हॉस्पिटलात पूर्ण भूल देऊन सगळे खराब दात एकदम काढावे लागतील. त्यात गैर काही नाही, पुष्कळ मुलांचं तसंच करतात आणि नीट होतं.

ताईला पुढचं ऐकूच आलं नाही. भूल देण्याआधी हातात सुई टोचणार, म्हणजे परत कुणीतरी धरणार, एवढंच तिच्या डोक्यात घुमत राहिलं. घरी येताना भिंगरी स्कूटर चालवत होता, त्याला आरशात तिचं तोंड दिसत होतं. कसंही करून हे होऊ द्यायचं नाही, हे त्याने वाटेतल्या पहिल्या सिग्नललाच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत हजर. बाई वर्गात सगळं चित्रांवर चालवायच्या. बूट काढायची चित्रं, डबा खायची चित्रं, संडासला जायची चित्रं, ओळीने भिंतीवर लावलेली. ह्या मुलांना आपलं बोलणं पटकन पकडता येत नाही, बाई सांगत होत्या, चित्र समोर राहतं, त्याला पाहिजे तेवढा वेळ बघता येतं. ब्रशची पण अशीच पट्टी करू. भिंगरी म्हणाला, बाई, चित्रं काढणं, छापणं, लॅमिनेशन करणं हा माझा धंदा आहे, तुम्ही फक्त बघत राहा. बाई पुढे काहीतरी सांगत होत्या, चित्रात काय असावं, काय नसावं. पण ते ऐकायला भिंगरी तिथे कुठे होता? स्कूटर कोपऱ्यावर वळली पण.

त्याने दुकान बंद केलं. पिवळाधमक टीशर्ट घातला, केसांना जेल लावलं, लाल पडद्यासमोर उभा राहिला आणि टायमर लावून स्वतःचे फोटो काढले. उजव्या हातात ब्रश, डाव्या हाताचा अंगठा वर, चेहऱ्यावर कानापर्यंत हसू. ब्रश घेतला, अंगठा. पेस्ट लावली, अंगठा. दात घासतोय, अंगठा. प्रत्येक फोटोला चांदण्यांची किनार, खाली फुगीर रंगीत अक्षरं. जाड लॅमिनेशन केलं. आख्ख्या कारकिर्दीत एवढं झकास काम केलं नव्हतं. बाथरूममध्ये बेसिनच्या वर ओळीने लावून दिलं आणि ताईला म्हणाला, आता बघ.

साहेबांनी बघितलं. खूप वेळ बघितलं. नाक फोटोला लागेपर्यंत जवळ जाऊन बघितलं. पुढचे काही दिवस नुसतंच बघणं. आणि मग एका सकाळी, कुणी काही न म्हणता, साहेबांनी हात पुढे करून ब्रश उचलला. दारात ताई, दाजी आणि मुद्दाम सकाळी येऊन थांबलेला भिंगरी, तिघं बघत होते.

साहेबांनी ब्रश उजव्या हातात धरला. डाव्या हाताचा अंगठा वर केला. आणि तोंड फाकवून सगळे दात दाखवले.

तसेच उभे राहिले. मग ब्रश परत ठेवला आणि दुधाचा कप मागायला निघून गेले.

दाजी हसत हसत बादलीवरच बसले. भिंगरीचा चेहरा मात्र असा उतरला की बघवेना. त्याने जाऊन फोटो परत नीट बघितले तेव्हा त्याच्या टाळक्यात प्रकाश पडला. एकाही फोटोत ब्रश तोंडात नव्हता. तोंडात घातला तर हसू बिघडतं, म्हणून त्याने तो सगळीकडे गालाजवळ नुसता धरला होता. बाईंना सांगितलं तेव्हा त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. म्हणाल्या, अहो मामा, त्याने शंभरपैकी शंभर मार्कांचं केलंय. तुम्ही जे शिकवलंत ते शिकला.

भिंगरी घरी येऊन ते सगळं फाडून टाकायला निघाला होता. ताईने अडवलं. ती हसली नव्हती. ती म्हणाली, "तुम्ही अंगठाच बघितलात. त्याने ब्रश स्वतःच्या हाताने उचलला. आणि दात दाखवले. कुणी न धरता."

भिंगरीने परत बाईंना गाठलं आणि आयुष्यात पहिल्यांदा वर्गातल्या बाकावर बसून शेवटपर्यंत ऐकलं. पाय हलत होता, पण बसला. बाईंनी समजावलं की चित्रात जे जे दिसतं ते ते साहेबांना सारखंच महत्त्वाचं. चांदण्या पण, टीशर्ट पण, अंगठा पण. तेव्हा जे करायचंय तेवढंच दाखवायचं. घरातलंच बेसिन, साहेबांचाच ब्रश, आणि त्यांच्या डोळ्यांतून दिसतील तसे नुसते हात. आणि घाई नको. आधी ब्रश ओठाला लागून परत. ते रुळलं की दाताला. मग पुढचं.

मग त्या बाथरूममध्ये जे फोटोचं काम चाललं ते बघण्यासारखं होतं. साहेबांच्या उंचीवरून बेसिन कसं दिसतं ते पकडायला भिंगरी गुडघ्यांवर. कपाळावर मोबाईल चिकटपट्टीने बांधलेला. ताई टॉर्च घेऊन टबात उभी. दाजी बाहेरून विचारत होते की मला आंघोळीला कधी मिळणार आहे. भिंगरीने सांगितलं, आज वास मारत जा. ह्या खेपेला चित्रं साधी निघाली. पांढरी भिंत, एक हात, एक ब्रश. प्रत्येक चित्राच्या मागे बुटाला असते तशी चर्रकन निघणारी पट्टी. एक काम झालं की ते चित्र ओढून काढायचं आणि खालच्या डब्यात टाकायचं. तो चर्र आवाज साहेबांना असा आवडला की सुरुवातीला ब्रश राहिला बाजूला, नुसती चित्रं काढणं आणि लावणंच चाललं होतं. बाई म्हणाल्या, चालू दे. बाथरूममध्ये हसत जातोय ना.

पेस्टचा घोळ भिंगरीनेच शोधून काढला. साहेब ब्रश ओठापर्यंत न्यायचे, पेस्टचा वास आला की भिरकावायचे. भिंगरीने तीच पेस्ट स्वतःच्या जिभेवर घेऊन तशीच धरून ठेवली. थोड्या वेळाने तोंडात आग आग झाली. रोज सकाळी हे घेऊन आपण त्याच्यामागे धावत होतो, तो ताईला म्हणाला, आणि वर म्हणत होतो की हट्टी आहे. मग काही दिवस नुसता ओला ब्रश. त्यानंतर डॉक्टरांनी सांगितलेली बिनवासाची, बिनचवीची पेस्ट, मटारच्या दाण्याएवढी.

ब्रश दातांपर्यंत आला. पण पुढच्या दोन दातांवरच अडकला. तेवढेच दोन घासून घासून चकचकीत, आणि मागे सगळा अंधार. मागे मागे म्हणून ताईचा घसा बसला. बाणाचं चित्र करून लावलं तर साहेब बाणालाच ब्रश लावून मोकळे.

साहेबांची शाळा दुपारी सुटायची आणि ताई शिवणकामाच्या कारखान्यातून संध्याकाळी यायची. मधला वेळ साहेब मामाच्या दुकानात. तिथे त्यांचं एकच काम. झेरॉक्सच्या झाकणाच्या फटीतून तो हिरवट उजेड बघायचा. उजेड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकतो, तोपर्यंत साहेबांचा "ऊंऽऽ" असा सूर लागलेला. उजेड पोचला, सूर बंद. परत नवं पान, परत सूर. गिऱ्हाइकांना वाटायचं मशीनच वाजतंय. भिंगरीने हे रोज ऐकलं होतं, कधी लक्ष दिलं नव्हतं. त्या दिवशी कुणाच्या तरी जाडजूड पुस्तकाच्या प्रती काढताना त्याचा हात एकदम थांबला. गिऱ्हाईक म्हणालं, काय झालं. भिंगरी म्हणाला, उद्या या.

संध्याकाळी बेसिनपाशी तो साहेबांच्या शेजारी उभा राहिला. स्वतःचा ब्रश एका बाजूच्या पार शेवटच्या दाढेवर ठेवला आणि "ऊंऽऽ" सुरू करून हळूहळू दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या दाढेपर्यंत नेला. पोचला, सूर बंद. साहेब त्याच्याकडे बघत राहिले. डोळ्यांत नाही, ब्रशकडे. भिंगरीने परत केलं. मग परत. तिसऱ्या की चौथ्या वेळेला शेजारून दुसरा सूर लागला. साहेबांचा ब्रश मागच्या दाढेवर होता आणि तो सरकत होता.

भिंगरी तिथे ओरडला नाही, नाचला नाही. तोंडात ब्रश असल्यामुळे त्याला नीट रडताही येत नव्हतं. त्याने आपला सूर तेवढा सांभाळला. मग रात्रीचं जेवण झाल्यावर दातांची एक ओळ काढली, तिच्यावर उजेडाची पट्टी, पहिल्या चित्रात ह्या टोकाला, दुसऱ्यात मधे, तिसऱ्यात त्या टोकाला. वरच्या दातांची वेगळी, खालच्यांची वेगळी. बाईंनी ती चित्रं बघितली आणि वर्गासाठी एक संच मागून घेतला.

आता सगळं रांगेला लागलं असं वाटत होतं तेवढ्यात एक दिवस सकाळी शाळेतून ताईला आणि भिंगरीला फोन. साहेब वर्गात बसलेत, गाल फुग्यासारखे, तोंड गच्च बंद, पाणी घेत नाहीत, डबा उघडत नाहीत. दाढ सुजली, संपलं सगळं, असं म्हणत ताई कारखान्यातून धावत निघाली. भिंगरी तिच्या आधी पोचला. साहेब शांत बसले होते. बाईंनी आरसा समोर धरला, स्वतः तोंड उघडून दाखवलं, आणि शेवटी साहेबांनी ओठ जरासे विलग केले. हनुवटीवरून पांढरा फेस ओघळला.

सकाळचा फेस होता तो. घरापासून गाडीत बसून शाळेपर्यंत साहेबांनी तो जपून आणला होता. कारण पट्टीत शेवटचं चित्र होतं ब्रश ग्लासात ठेवायचं. थुंकायचं चित्रच नव्हतं; दोनच दात घासत होते तोवर फेस आपोआप ओघळून जायचा. ताईने पट्टी बघितली होती, भिंगरीने बनवली होती, बाईंनी दोनदा तपासली होती. तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, कारण थुंकायला आपल्याला कुणी शिकवलेलं आठवतच नाही. बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, इतकी वर्षं हेच करतेय मी. ताई मात्र हसायला लागली ती थांबेचना. कारखान्याचा एप्रन अंगात, चपला वेगवेगळ्या, आणि ताई शाळेच्या व्हरांड्यात हसतेय. भिंगरीने तिला असं हसताना कधी बघितलं होतं ते त्याला आठवेना.

थुंकण्याचा फोटो काढणं म्हणजे वैताग. क्षणात पडतं ते, पकडणार कसं. भिंगरी दुकानात मोरीवर वाकून तोंडात फेस भरून भरून टायमर लावत होता. एक गृहस्थ नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायला आले, त्यांनी ते दृश्य बघितलं आणि दारातूनच माघारी फिरले. पण फोटो मिळाला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी तो बघितला, बेसिनमध्ये थुंकले, चर्रकन चित्र ओढलं, डब्यात टाकलं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. कुणाचा हात अंगाला नाही. दाजी रोज तेवढ्या वेळात उंबऱ्यावर येऊन उभे राहायचे, नुसतं बघायला.

तपासणी जवळ आली तसा ताईचा जीव परत टांगणीला लागला. घरचं बेसिन वेगळं आणि दवाखान्याची खुर्ची वेगळी. भिंगरी डॉक्टरांकडे गेला, म्हणाला, मला तुमच्या दवाखान्याचे फोटो पाहिजेत. डॉक्टरांनी लगेच हो म्हटलं आणि स्वतःच हातात छोटा आरसा घेऊन उभे राहिले. हसू लागले तसं भिंगरीने त्यांना दम दिला, डॉक्टर, हसायचं नाही, नाहीतर साहेब पण तेवढंच शिकतील. दार, खुर्ची, वरचा दिवा, आरसा, घर. एवढी पट्टी बनली आणि ती साहेबांनी घरी पाठ केली.

ठरलेल्या दिवशी सगळे गेले. दाजींनी गाडी दुसऱ्याला देऊन सुट्टी काढली होती. साहेबांनी दार ओळखलं, आत शिरले, दार स्वतः लावलं. खुर्ची बघितली, चित्र बघितलं, परत खुर्ची बघितली. चढायला पाय उचलला. आणि नेमकी तिथली मदतनीस बाई, बिचारी चांगली होती, पोर पडेल म्हणून सवयीने पुढे झाली आणि तिने साहेबांचं मनगट धरलं.

साहेबांनी जो आवाज केला तो रस्त्यापर्यंत गेला असणार. हात हिसडला आणि कपाटाच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. दोन्ही हात तोंडावर. ताईने भिंतीचा आधार घेतला. तिच्या डोळ्यांत परत ती चादर आली होती. मदतनीस बाई रडायच्या बेताला. भिंगरीच्या तोंडात एवढं काही येऊन थांबलं होतं की ते बाहेर पडलं असतं तर दवाखान्याचं छप्पर उडालं असतं.

ते त्याने गिळलं. साहेबांपासून हातभर लांब, फरशीवर मांडी घालून बसला. नुसता बसला. ना पाय हलला, ना बोटं वाजली. ताईने नंतर सांगितलं की तिला साहेबांपेक्षा त्याचंच आश्चर्य जास्त वाटलं, हा पोरगा बसू शकतो हे तिला त्या दिवशी कळलं. डॉक्टरांनी दिवा मालवला, हात पाठीमागे बांधले आणि स्टुलावर बसून राहिले. दाजी दाराशी. कुणी कुणाला समजावलं नाही. बाहेर घड्याळ बघणाऱ्या लोकांची कुजबुज तेवढी येत होती.

बराच वेळ गेला. मग साहेबांनी एका हाताच्या बोटांतून मागे बघितलं. कुणी येत नव्हतं. उठले, पट्टीवरचं खुर्चीचं चित्र चर्रकन ओढलं आणि आपले आपण खुर्चीवर चढले. डॉक्टरांनी आरसा त्यांच्या तोंडाकडे नेला नाही. दांडी पुढे करून त्यांच्याच हातात दिला. साहेबांनी तो उलटासुलटा करून बघितला, आणि तोंड उघडून स्वतःच आत घातला. डॉक्टर जागेवरूनच वाकले. हा गाल, तो गाल, वर, खाली. आरसा साहेबांच्या हातात, टॉर्च डॉक्टरांच्या हातात.

मग ते ताईकडे वळले. म्हणाले, हिरड्या बऱ्या झाल्यात. मागच्या दोन दाढांमध्ये भरायचं काम आहे, ते इथेच थोडंथोडं करू, त्याच्या चालीने. पुढचा एक हलतोय तो दुधाचा आहे, आपला आपण पडेल. भुलीची गरज नाही.

ताईने विचारलं, म्हणजे हॉस्पिटल? ते म्हणाले, नाही. तिने परत विचारलं, नक्की ना? ते म्हणाले, नक्की, आणि हे मी नाही केलं. ताईने मान हलवली, खाली बघितलं, मग पदर तोंडाला लावला. दाजींनी भिंगरीच्या पाठीत असा गुद्दा मारला की तो ठसकला. मदतनीस बाई लांबूनच टाळ्या वाजवत होती, आवाज न करता.

आता घरी. भिंगरीने पट्टीवरचं घराचं चित्र पुढे केलं. पण साहेबांचं लक्ष तिकडे नव्हतं. खुर्चीच्या बाजूला चूळ टाकायचं एक छोटं गोल भांडं होतं आणि त्यात पाणी गरगर फिरत होतं. साहेबांनी त्यात थुंकून बघितलं. पाण्याने ते फिरवत फिरवत नेलं. साहेब पुढे वाकले, हनुवटी भांड्याच्या काठावर टेकवली आणि तिथेच मुक्काम ठोकला. परत थुंकले. परत फिरलं. ज्या खुर्चीच्या नावाने घरदार थरथर कापत होतं तिच्यावरून आता साहेब उठेनात.

दाजी सवयीने एक पाऊल पुढे झाले. ताईने हात आडवा केला.

"बसू दे त्याला," ती म्हणाली. "आज कुणी उचलायचं नाही."

डॉक्टर म्हणाले, बसू दे, माझी काही हरकत नाही, फक्त बाहेर लोक आहेत. भिंगरी म्हणाला, लोकांचं मी बघतो. तो बाहेर गेला, दार पाठीमागे ओढून घेतलं आणि ताटकळलेल्या सगळ्यांना सांगितलं की आत आमचे साहेब बसलेत, वेळ लागेल, कुणाला पासपोर्ट फोटो काढायचा असेल तर दुकान जवळच आहे.